रेझिन आणि प्लास्टिकच्या फिगरवरील रंगाचे पोपडे एकाच जागी पुन्हा पुन्हा निघत असतील तर

प्लास्टिकच्या फिगर-किटला रेझिनचे डोके, हात किंवा पोशाखाचा एखादा भाग बसवून ती नव्याने रंगवली, की काही दिवसांत एक तक्रार ठरलेली असते. खांद्याच्या सांध्याजवळ, मानेच्या घेराभोवती किंवा मास्किंग टेप लावलेल्या कडेने रंगाचा पोपडा सुटतो. तेवढी जागा घासून तिथे पुन्हा प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा खालचा थर, मारला जातो, वर रंगाचे एक-दोन हात दिले जातात, फिगर काही दिवस नीट दिसते आणि मग त्याच जागी पुन्हा पोपडा धरतो. यानंतर बहुतेक जण प्रायमरची बाटली बदलतात किंवा आहे तोच प्रायमर अधिक जाड मारतात. या दोन्ही उपायांनी दोष क्वचितच जातो, कारण तो बहुधा प्रायमरच्या खाली, म्हणजे रेझिनच्या पृष्ठभागावर किंवा हलणाऱ्या सांध्यात असतो. जाड थराने तर नुकसानच होते: थर जितका जाड, तितका तो सुकताना अधिक ओढला जातो, आणि ज्या कडेला पकड कमी आहे तिथून तो आधी उचलला जातो.

म्हणून पहिली विनंती अशी, की निघालेला पोपडा फेकून देऊ नये. तो चिमट्याने अलगद उचलावा, उलटा करावा आणि बाजूने पडणाऱ्या उजेडात भिंगाखाली पाहावा. रंग का सुटला हे त्याच्या मागच्या बाजूवर जितके स्पष्ट दिसते तितके फिगरकडे पाहून दिसत नाही.

पोपड्याची मागची बाजू काय सांगते

हे लिहिताना माझ्यासमोर १/८ प्रमाणातील एका फिगरच्या उजव्या खांद्यावरून निघालेला, करंगळीच्या नखाएवढा पोपडा आहे. या फिगरचे धड पॉलिस्टायरीनचे, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शन-मोल्ड प्लास्टिकचे आहे आणि हात रेझिनचा आहे. पोपडा वरून अंगाच्या रंगाचा दिसतो आणि मागून करडा, म्हणजे प्रायमर रंगासोबतच निघून आला आहे. मागची बाजू मात्र सगळीकडे सारखी नाही. हाताकडचा भाग गुळगुळीत आणि चकचकीत आहे, आणि बाहीवरची चुण्यांची नक्षी त्यात हुबेहूब उलटी उमटली आहे. धडाकडची कडा मंद, खरखरीत आणि वेडीवाकडी फाटलेली आहे, कारण तिथे प्लास्टिक घासलेले होते आणि प्रायमरने ते धरून ठेवले होते. एकाच पोपड्यात निदान पूर्ण झाले: प्रायमर चांगला होता, प्लास्टिकवर तो बसला, रेझिनवर तो नुसता पसरला आणि सुकला, चिकटला मात्र नाही.

मागची बाजू अशी चकचकीत असेल, तर साच्यातून आलेले तेलकट द्रव्य किंवा न घासलेला पृष्ठभाग हे कारण धरावे. मागच्या बाजूला पिठासारखी पूड लागलेली असेल आणि बोट फिरवल्यावर ती बोटाला येत असेल, तर घासल्यावर उरलेली धूळ नीट धुतली गेलेली नाही, किंवा प्रायमर फार लांबून मारल्यामुळे पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच हवेत सुकला आहे. प्रायमर जागेवरच राहिला आणि वरचा रंग तेवढा निघाला, तर दोष दोन थरांमधला आहे. पोपडा न निघता केवळ केसासारखी बारीक रेघ सांध्याच्या बाजूने धावत असेल, तर रंगाचा काहीही दोष नाही. खालचा सांधा हलतो आहे किंवा त्यातील पुट्टी आक्रसली आहे. रंग सुरकुतला असेल, तर वरच्या थरातील थिनरने खालचा थर उचलला आहे. आणि रंग कितीही दिवस ठेवला तरी चिकटच राहत असेल, तर खालचे साहित्य तपासावे लागते. त्याकडे पुढे वळू.

साच्याचे तेल, आणि ते काढण्याची रीत

किटमधील रेझिनचे भाग बहुतेक वेळा दोन द्रावणे मिसळून घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेनचे असतात आणि ते सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतले जातात. भाग साच्यातून सहज सुटावा आणि साचा अधिक काळ टिकावा, म्हणून आत सुटीद्रव्य फवारतात. ते बऱ्याचदा सिलिकॉनयुक्त असते आणि सिलिकॉनवर जवळपास कोणताही रंग धरत नाही. भाग हातात घेतल्यावर तो तेलकट लागेलच असे नाही, त्यामुळे 'माझा भाग स्वच्छ दिसतो' हा निकष उपयोगाचा नाही. रेझिनचा प्रत्येक भाग धुवावाच लागतो, आणि माझ्या मते या साऱ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

कोमट पाण्यात भांडी घासण्याचे द्रव घालून त्यात भाग अर्धा-एक तास भिजवावेत आणि मग मऊ दातांच्या जुन्या टूथब्रशने, विशेषतः केसांच्या बटा, कपड्यांच्या चुण्या आणि बोटांच्या फटी यांत ब्रशचे टोक घालून, नीट घासावेत. सुटीद्रव्य खोल जागी साचते आणि ब्रश उंच जागी फिरतो, हीच खरी अडचण आहे. वर वर घासलेल्या फिगरचे पोपडे बहुधा खोबणीपासून सुरू होतात ते याचमुळे. पाणी कोमटच असावे. साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या पाण्यात पातळ रेझिन मऊ पडते. वाकडी झालेली तलवार सरळ करताना हाच गुण कामी येतो, पण धुताना मात्र त्यामुळे बोटे, पट्टे, केसांची टोके असे नाजूक भाग वाकतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की झाले, असा समज फार पसरला आहे. बोटांचे तेल आणि धूळ काढायला ते उत्तम आहे, परंतु सिलिकॉन तेल त्यात नीट विरघळत नाही. ते बरेचदा एका जागेवरून दुसऱ्या जागी पसरते. हट्टी भागांसाठी रेझिन धुण्याचे खास द्रावण वापरावे. तेही नसेल तर खनिज तेलापासून बनणारा इनॅमल थिनर कापडावर घेऊन सुटा रेझिन भाग पुसावा, कापड वारंवार बदलावे आणि नंतर पुन्हा साबणाने धुवावे. हे केवळ सुट्या रेझिन भागावरच करावे. प्लास्टिकच्या जोडलेल्या भागावर इनॅमल थिनर झिरपू दिल्यास काय होते, ते पुढे येईलच.

धुतल्यानंतर घासणे येते, आणि हा क्रम उलटा करू नये. आधी घासल्यास तेल कागदासोबत ओरखड्यांमध्ये दाबले जाते. सपाट जागी ४०० ते ६०० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. नक्षीच्या जागी घासणारा स्पंज किंवा थोडी टूथपेस्ट लावलेला ब्रश चालतो. ओले घासण्याने रेझिनची पूड हवेत उडत नाही. ही पूड श्वासात जाणे घातक आहे, म्हणून कोरडे घासावे लागले तर धुळीचा मास्क लावावा. घासून झाल्यावर पुन्हा एकदा साबण, भरपूर स्वच्छ पाणी, आणि मग भाग हवेवर वाळवून यापुढे हातमोज्यानेच धरावा.

भाग स्वच्छ झाला की नाही हे पाण्यावरून कळते. घासलेल्या रेझिनवर शेवटचे पाणी ओतल्यावर ते सलग पातळ पडद्यासारखे पसरले, तर काम झाले. एखाद्या जागी ते आक्रसून थेंब बनू लागले, तर तिथे तेल उरले आहे. ही परीक्षा गुळगुळीत पॉलिस्टायरीनवर करू नये, कारण ते स्वच्छ असले तरी पाणी त्याच्यावर थेंबच धरते.

सांधा हलत असेल तर वर कितीही रंग लावला तरी तडकणारच

रेझिन आणि प्लास्टिक यांच्या जोडाबाबत सर्वांत जास्त फसगत होते ती गोंदाच्या निवडीत. प्लास्टिकचा सिमेंट गोंद पॉलिस्टायरीनला विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो. पॉलियुरेथेनवर त्याचा हा परिणाम होत नाही. अशा वेळी हात धडाला चिकटल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात मात्र एका बाजूने धरलेला आणि दुसऱ्या बाजूने नुसता टेकलेला असतो. या जोडासाठी सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट गोंद, किंवा दोन भागांचा इपॉक्सी गोंद हवा. झटपट गोंद सरळ ओढ चांगली सोसतो, पण आडव्या धक्क्याने किंवा सोलण्याच्या जोराने तो ठिसूळपणे सुटतो. फिगरचा हात उचलताना नेमका तसाच जोर पडतो.

यावर तारेची खीळ हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्ही भागांत समोरासमोर छिद्रे पाडावीत, हातासारख्या हलक्या भागाला १ मिमी आणि पूर्ण वजन पेलणाऱ्या पायाला २ मिमी जाडीची पितळी किंवा पोलादी तार घालावी, आणि इपॉक्सी गोंदाने बसवावे. छिद्रे समोरासमोर येण्यासाठी एका भागाच्या मध्यावर ओल्या रंगाचा ठिपका ठेवून दुसरा भाग त्यावर एकदाच दाबावा. ठिपका उमटेल तिथे ड्रिल लावावा. इपॉक्सी गोंद ५ मिनिटांत घट्ट होणारा असला तरी त्याला पूर्ण ताकद येण्यासाठी एक दिवस थांबावे, आणि तोवर सांध्यावर पुट्टी भरू नये.

पुट्टीचीही निवड पाहावी लागते. नळीत मिळणारी, थिनरवर सुकणारी पुट्टी आतील द्रावक उडून घट्ट होते, त्यामुळे ती आक्रसते. जाड भरल्यास वरून कोरडी दिसते आणि आतून कित्येक दिवस बसत राहते. वर रंग दिल्यानंतर सांध्यावर जी बारीक खोबण किंवा केसासारखी रेघ दिसू लागते ती याचीच असते. रेझिन आणि प्लास्टिक यांच्या रुंद फटीसाठी समप्रमाणात मळायची इपॉक्सी पुट्टी योग्य ठरते, कारण ती फार कमी आक्रसते. तिचा दुर्गुण असा, की गुळगुळीत पृष्ठभागावर तिची पातळ कडा नीट धरत नाही आणि घासताना उचलली जाते. म्हणून पुट्टी लावण्याआधी दोन्ही बाजू ४०० च्या कागदाने खरखरीत कराव्यात, आणि पुट्टी कडक झाल्यावर तिच्या कडेने पातळ झटपट गोंद झिरपू देऊन मगच ती घासावी. झटपट गोंद सुकल्यावर प्लास्टिकपेक्षा कडक होतो, आणि दिवसागणिक अधिक कडक. त्यामुळे तो भरलेली जागा लवकर घासून घ्यावी, अन्यथा कागद आजूबाजूचे मऊ प्लास्टिक खातो आणि गोंदाची वरंबी तशीच राहते.

रेझिनमधील हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे प्रायमरने बुजवू पाहणारेही पुष्कळ आढळतात. प्रायमर छिद्राच्या तोंडावर पडदा धरतो, आत हवा राहते, आणि पुढे भाग तापला किंवा त्यावर बोट दाबले गेले की तो पडदा फुटून तिथे वाटोळा पोपडा निघतो. छिद्राचे तोंड ड्रिलच्या टोकाने मुद्दाम रुंद करावे, त्यातील धूळ झटकावी, मग पुट्टी किंवा टाल्कम पावडर मिसळलेला झटपट गोंद भरावा.

सांधा सुटा ठेवायचा असेल, म्हणजे हात फिरवता किंवा काढता यायला हवा असेल, तर रंगाच्या जाडीचा हिशेब आधीच करावा. प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून साधारण ०.१ मिमी जाडी सहज होते, आणि खीळ व खोबण दोन्ही रंगली की ती दुप्पट होते. किटच्या सांध्यात एवढी मोकळीक नसते. एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांवर मास्किंग करून तिथे रंग जाऊच द्यायचा नाही, आणि तरीही सांधा आवळत असेल तर आतली बाजू थोडी घासून घ्यायची. घट्ट सांध्यात रंगवलेली खीळ ढकलली, की पोपडा निघणारच. त्याला कोणत्याही प्रायमरची पकड पुरी पडत नाही.

प्रायमर बसला, पण वरचा रंग निघाला

दोन थरांमधील दोषाचे कारण बहुधा घाई किंवा क्रम असते. लॅकर, अ‍ॅक्रिलिक आणि इनॅमल या तीन जातींत लॅकरचा थिनर सर्वांत तिखट. म्हणून लॅकर खाली, त्यावर अ‍ॅक्रिलिक, आणि सर्वांत वर इनॅमल, हा क्रम सुरक्षित असतो. इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर फुगतो आणि सुरकुततो. तामिया या कंपनीचा छोट्या बाटलीतील अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलवर चालतो आणि व्हॅलेहो या कंपनीचा पाण्यावर. दोन्हींवर 'अ‍ॅक्रिलिक' लिहिलेले असले तरी ते एकमेकांच्या थिनरशी जुळतीलच असे नाही, आणि न जुळणारे मिश्रण एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनात, गुठळ्या धरते.

पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन प्रायमरचा एक स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो सुकल्यावर लवचीक पडदा होतो, कागदाने घासला की पूड होण्याऐवजी ताणला जातो आणि एका टोकाला सुटला की सलग सोलून निघतो. ज्या फिगरवर पुष्कळ घासकाम आणि मास्किंग करायचे आहे, तिच्या रेझिन भागांसाठी मी लॅकर जातीचाच प्रायमर-सरफेसर निवडतो. सरफेसर ओरखडे भरतो आणि प्रायमर पकड देतो. ही दोन वेगळी कामे आहेत आणि प्रत्येक डब्यात दोन्ही गुण असतातच असे नाही, म्हणून रेझिनसाठी घेताना डब्यावर रेझिनचा उल्लेख आहे का ते पाहावे. मिस्टर सरफेसर या सरफेसरच्या नावापुढील ५००, १०००, १२०० किंवा १५०० हा आकडा कणांचा बारीकपणा सांगतो: आकडा लहान, तितका थर भरड आणि भरणारा. ६०० च्या कागदाचे ओरखडे १५०० च्या सरफेसरने बुजतील ही अपेक्षा ठेवू नये.

स्प्रेचा डबा असेल तर तो दोन मिनिटे हलवावा आणि १५ ते २० सेंमी अंतरावरून मारावा. एअरब्रशला ०.३ मिमी नोझल आणि १ ते १.५ बार दाब पुरतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा, दुसरा मात्र क्षणभर ओला दिसेल असा द्यावा. पृष्ठभागावर ओला पडलेला लॅकरच प्लास्टिकला किंचित विरघळवून पकड धरतो. सुकण्याचा अंदाज नाकाने घ्यावा. भाग नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल, तर बोटाला कोरडा लागणारा रंगही आतून सुकलेला नाही आणि त्यावर टेप लावायची वेळ अजून आलेली नाही. लॅकरला निदान एक दिवस द्यावा, इनॅमलला अनेक दिवस. फवारताना सेंद्रिय वाफा शोषणारा मास्क लावावा. धुळीचा साधा मास्क या वाफा अडवत नाही.

टेपची चिकटण कमी करण्यासाठी ती हाताच्या पाठीवर लावून घेण्याची सवय सोडावी, कारण त्वचेचे तेल टेपवरून रंगावर जाते. स्वच्छ काचेवर एक-दोनदा लावून काढलेली टेप पुरेशी मऊ होते. काढताना ती वर न ओढता स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळपास समांतर, हळू ओढावी.

हवेतील दमटपणामुळे लॅकर सुकताना दुधाळ पडतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर बाष्प धरते. अशा दिवशी रिटार्डर मिसळलेला, सावकाश उडणारा थिनर वापरावा किंवा काम पुढे ढकलावे.

खालचे साहित्य कोणते, हे आधी ओळखावे

फिगर-किटमध्ये एकाच पेटीत तीन-चार जातींचे प्लास्टिक असू शकते आणि ज्या चौकटीवर भाग लगडलेले येतात त्याच्या कडेला त्या जातीची अक्षरे बहुधा कोरलेली असतात. 'पीएस' म्हणजे पॉलिस्टायरीन, रंगाला सर्वांत सोयीचे. 'एबीएस' सांध्यांसाठी वापरतात. त्यावर रंग बसतो, परंतु ताणाखाली असलेल्या एबीएसवर इनॅमल थिनर झिरपला की ते तडकते, आणि असा तडा पॉलिस्टायरीनच्या घट्ट बसवलेल्या सांध्यातही जातो. कपड्यांच्या चुण्यांत गडद रंगाचे वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, भरताना नेमका इनॅमल थिनर वापरला जातो. त्यामुळे सांधे सुटे करून, आधी लॅकरचा संरक्षक हात देऊन, आणि वॉश साचू न देता हे काम करावे. 'पीओएम' (पॉलिअॅसिटल) आणि 'पीई' (पॉलिइथिलीन) यांवर गोंद आणि रंग दोन्ही टिकत नाहीत. असे भाग मूळ रंगातच ठेवावेत किंवा बाहेरून झाकावेत. त्यांच्याशी झगडण्यात काम वाया जाते.

मऊ पीव्हीसीची गोष्ट वेगळी आहे, आणि तयार रंगवलेल्या फिगरचे भाग किटमध्ये वापरणाऱ्यांना ती माहीत असणे फार गरजेचे आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेले असते. ते सावकाश पृष्ठभागावर येत राहते आणि वरच्या इनॅमलला किंवा तैलरंगाला सुकू देत नाही. महिने लोटले तरी बोटाचा ठसा उमटतो. कित्येक स्प्रे प्रायमरही पीव्हीसीवर असेच चिकट राहतात. अशा भागावर चिकट थर पूर्ण काढून, साबणाने धुऊन, पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात देणे हा उपाय चालतो. पीव्हीसीची टोपी किंवा अंगरखा पॉलिस्टायरीनच्या खांद्यावर कायम टेकत असेल, तर प्लास्टिसायझर उतरून खालचा रंग आणि प्लास्टिक दोन्ही मऊ होतात, आणि तिथला पोपडा कितीही वेळा दुरुस्त केला तरी परत येतो. दोन्हींमध्ये पातळ ब्रास-शीटचा तुकडा घालावा किंवा स्पर्शच होणार नाही अशी मांडणी करावी.

थ्रीडी प्रिंटरवर बनवलेले रेझिन भाग साच्यातल्या रेझिनपेक्षा वेगळे असतात. ते प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे असतात. अल्कोहोलमध्ये नीट धुऊन, पूर्ण वाळवून, मग अतिनील प्रकाशात पक्के करावे लागतात. आतून पोकळ असलेल्या भागात कच्चे रेझिन अडकून राहिले, तर ते पुढे बारीक चिरांतून पाझरते आणि वरचा रंग फाडून बाहेर येतो. निचऱ्याचे छिद्र पाडून आतली बाजूही धुवावी. कच्च्या रेझिनला उघड्या हाताने शिवू नये. त्याने त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते.

दुरुस्ती कशी करावी

निदान झाल्यावर सगळी फिगर उघडी करण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. सुटलेल्या जागेभोवती टेप दाबून लावावी आणि ओढावी. जे निघायचे ते निघू द्यावे, आणि टेपला काही येईनासे होईपर्यंत थांबू नये. पोपड्याची कड सैल असताना त्यावर थर चढवणे हेच दोष परतण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मग उरलेल्या रंगाची कडा ६०० आणि नंतर १००० च्या कागदाने बाहेरच्या बाजूला उतरती करावी, इतकी की डोळे मिटून नख फिरवल्यावर पायरी लागू नये. उघड्या पडलेल्या रेझिनला वर सांगितल्याप्रमाणे धुवावे. जागा लहान असेल तर साबणाच्या पाण्यातला कापसाचा बोळा आणि नंतर स्वच्छ पाण्यातला बोळा पुरतो. प्रायमर मारताना कडेला टेप लावून ठळक रेघ पाडू नये. टेपची कड उचलून धरली की प्रायमर विरळ होत जातो आणि नवी पायरी बनत नाही.

रंग पूर्ण उतरवायचाच असेल, तर रेझिन आणि पॉलिस्टायरीन वेगळे करावेत. लॅकर थिनर पॉलिस्टायरीनला विरघळवतो. रेझिन तो थोडा वेळ सोसते, पण भिजत ठेवल्यास फुगते. तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन्ही तुलनेने सुरक्षित असतात. तरी पारदर्शक भाग आणि ताणलेले सांधे त्यात बुडवू नयेत, ते तडकू शकतात.

पुन्हा रंगवण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. रेझिनच्या भागाला ओतकामाचा जो ठोकळा जोडून येतो, तो कापल्यावर टाकून देऊ नये. त्याच रेझिनचा, त्याच साच्यातला आणि त्याच तेलाचा हा नमुना असतो. याहून चांगला नमुना विकत मिळत नाही. ठोकळा फिगरसारखाच धुवावा, घासावा, प्रायमर आणि रंग द्यावा आणि एक दिवस वाळू द्यावा. मग नव्या पात्याने २ मिमी अंतरावर उभ्या आणि आडव्या सहा-सहा रेघा खालपर्यंत मारून चौकटींची जाळी करावी, तिच्यावर टेप घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. रंगउद्योगात आयएसओ २४०९ आणि एएसटीएम डी३३५९ या मानकांनी ठरवलेली पकडीची परीक्षा मुळात हीच आहे. घरच्या कामाला तिचे एवढे रूप पुरते. रेघांच्या कडा साफ राहिल्या तर फिगरला हात घालावा. चौकटी सुटून टेपला आल्या, तर टेपवरच्या चौकटीची मागची बाजू पाहावी: ती चकचकीत असेल तर दुसरा प्रायमर आणायला न जाता ठोकळा आणि फिगर दोन्ही पुन्हा धुवायला घ्यावेत.